हातातलं गेम कन्सोल आत्ता घ्यावं, की स्वस्त होईपर्यंत थांबावं?

दिवाळीच्या आधी आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर इंदूरच्या जेल रोडवर एक संवाद हमखास कानावर पडतो. मुलाला किंवा मुलीला निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, हवा असतो. आई-बाबा भाव विचारतात, आकडा ऐकून एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "थांबू या, वर्षभरात उतरेल." टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप यांच्या बाबतीत आपल्याला तोच अनुभव आलेला असतो. हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या बाबतीतही जवळपास पंचवीस वर्षं तसंच होत होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. भाव आधी का उतरायचे आणि आता का उतरत नाहीत, हे कळलं की कुठल्या मशीनसाठी थांबावं आणि कुठल्यासाठी थांबू नये, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात १९८९ पासून करावी लागेल. त्या वर्षी २१ एप्रिलला निन्टेंडोनं जपानमध्ये गेमबॉय विक्रीला आणला, किंमत १२,५०० येन. उन्हाळ्यात तो अमेरिकेत पोचला, ८९ डॉलर ९५ सेंटला. पडदा हिरवट, त्यावर एकाच रंगाच्या चार छटा, मागून उजेड नाही. संध्याकाळी दिव्याखाली बसल्याशिवाय काही दिसायचं नाही. त्याच वर्षी अटारीनं लिंक्स नावाचं मशीन आणलं. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता, किंमत मात्र गेमबॉयच्या दुप्पट, १८० डॉलर. पाठोपाठ सेगाचा गेम गिअर आला. तोही रंगीत, अमेरिकेत १९९१ मध्ये १५० डॉलरला. कागदावर बघितलं तर गेमबॉय दोघांपुढे फिकाच.

तरी टिकला तो गेमबॉयच. ही करामत गुन्पेई योकोई यांची. निन्टेंडोच्या ज्या विभागानं गेमबॉय बनवला, त्याचे ते प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं की बाजारात जुनं झालेलं, स्वस्त पडलेलं, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत असं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा कुणाला सुचला नसेल असा उपयोग करावा. काळा-पांढरा पडदा स्वस्त होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सेल खात नव्हता. गेमबॉयमध्ये चार पेन्सिल सेल घातले की साधारण पंधरा तास निघायचे. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. हिशोब करून बघा. पंधरा तास खेळायला गेमबॉयला ४ सेल, तर गेम गिअरला १८ ते ३०. खोक्यावरची किंमत एकदाच द्यावी लागते, सेलचे पैसे दर आठवड्याला. ज्या घरात मुलांचा हातखर्च मोजून दिला जातो, त्या घरात कुठलं मशीन चालू राहिलं असेल आणि कुठलं कपाटात गेलं असेल, हे सांगायला नको.

खरी किंमत आणि छापील किंमत यांतला हा फरक पुढे प्रत्येक पिढीत वेगळ्या रूपात भेटतो, म्हणून तो इथेच लक्षात ठेवा.

आपल्याकडे त्या काळात गेमबॉय फार थोड्यांच्या हातात होता. डॉलर तेव्हा सोळा-सतरा रुपयांचा असला तरी असला माल उघडपणे आयात करणं सोपं नव्हतं. नव्वदच्या दशकात आपल्या पोरांनी हातात धरला तो 'ब्रिक गेम'. '९९९९ इन १' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ते चिनी यंत्र, पेन्सिल सेलवर चालणारं, वरून विटा पडायच्या आणि खाली ओळी भरायच्या. नऊ हजार गेम त्यात नव्हतेच. तेच मोजके खेळ वेग बदलून पुन्हा पुन्हा यायचे. पण ज्या खेळानं अमेरिकेत गेमबॉय घराघरांत नेला, तो टेट्रिस आपल्यापर्यंत या रूपात पोचला होता. अमेरिकेत गेमबॉयच्या खोक्यात टेट्रिसची कॅसेट सोबतच दिली जायची, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेम खेळला नव्हता अशा मोठ्या माणसांनीही तो घेतला.

आता भाव का उतरतो ते पाहू. नवं मशीन येतं तेव्हा त्याची चिप आणि पडदा महाग पडतात. कारखान्यात सुरुवातीला बाद माल जास्त निघतो. वर्षा-दोन वर्षांत तेच भाग लाखोंनी बनू लागतात, चिप लहान होते, चार भागांचं काम एका भागात होतं आणि बनवण्याचा खर्च घटतो. हे एक कारण. दुसरं कारण गिऱ्हाइकाचं आहे. बाजारात हापूसची पहिली पेटी येते तेव्हा काही लोक कितीही भाव असला तरी घेतातच. ते घेऊन झाले की पुढच्या लोकांसाठी भाव उतरवावा लागतो. कन्सोल कंपन्या हे अगदी ठरवून करतात. पहिल्या वर्षी उत्साही लोकांकडून पूर्ण किंमत घ्यायची, मग एक पायरी खाली, मग आणखी एक. शेवटच्या पायरीवर लहान मुलांचे आई-बाप उभे असतात. संख्येनं तेच सगळ्यांत जास्त.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. कंपनीला खरा पैसा मशीनवर मिळत नाही, खेळांवर मिळतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं त्या कन्सोलसाठी गेम काढला, तरी विकल्या गेलेल्या प्रत्येक कॅसेटमागे कन्सोलवाल्याचा वाटा ठरलेला असतो. म्हणून मशीन कमी नफ्यावर, कधी तोट्यातसुद्धा विकणं परवडतं. एक मशीन घरात गेलं की त्यावर पुढची पाच-सहा वर्षं खेळ विकत घेतले जातील, हा हिशोब असतो.

याच हिशोबामुळे चांगला गेम म्हाताऱ्या मशीनला पुन्हा उभं करतो. गेमबॉय सात वर्षांचा झाला होता, तो संपल्यात जमा आहे असं सगळे धरून चालले होते. आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन गेम आले. त्यांत काही प्राणी एका आवृत्तीत, काही दुसऱ्या आवृत्तीत. सगळे गोळा करायचे तर मित्राच्या गेमबॉयला वायर जोडून अदलाबदल करावी लागे, म्हणजे मित्राकडेही मशीन हवंच. त्याच वर्षी आटोपशीर गेमबॉय पॉकेट आला, १९९८ मध्ये रंगीत गेमबॉय कलर आला. जुन्या कॅसेटी नव्या मशीनवर चालत होत्या, त्यामुळे कुणाचे आधीचे पैसे वाया गेले नाहीत. गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८७ लाखांच्या आसपास विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

पुढची पिढी, गेमबॉय अॅडव्हान्स, २००१ मध्ये अमेरिकेत शंभर डॉलरला आली. दोन वर्षांनी घडीचा एसपी आला, तोही शंभरलाच, आणि २००४ मध्ये त्याचे ८० डॉलर झाले. विक्री ८ कोटी १५ लाख. पायऱ्या नेमक्या पडत होत्या.

२००४ च्या शेवटी दोन मशीनं आमनेसामने आली. दोन पडद्यांचा निन्टेंडो डीएस १५० डॉलरला. सोनीचा पीएसपी २००५ मध्ये अमेरिकेत पोचला तो २५० डॉलरला. पीएसपी दिसायला विलक्षण देखणा, मोठा पडदा, छोट्या चकतीवर सिनेमासुद्धा. इंदुरात हातात धरायचं खरं कन्सोल म्हणून बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिला तो हाच, कारण सोनी तो आपल्याकडे रीतसर विकत होती. त्याचा भाव २५० वरून २००, मग १७०, आणि २०११ पर्यंत १३० डॉलरवर आला. जवळजवळ अर्धा. थांबलेल्याचा पुरता फायदा झाला. पण मेमरी स्टिकवर शंभर-दोनशे रुपयांत चोरीचे गेम भरून देणारे गल्लोगल्ली निघाले आणि कंपनीचा तो खेळांचा हिशोबच कोलमडला. मशीन आठ कोटींच्या घरात विकलं गेलं, गेम बनवणाऱ्यांना मात्र त्या प्रमाणात पैसा दिसला नाही, आणि हळूहळू त्यांनी नवे गेम काढणं कमी केलं. तेव्हा स्वस्तात गेम भरून घेताना आपल्याला वाटायचं, कुणाचं काय जातं. मशीनचं आयुष्य जात होतं.

डीएस १५० वरून १३० वर आला, २००६ मध्ये हलका, उजळ पडद्याचा डीएस लाइट आला, आणि एकूण विक्री १५ कोटी ४० लाखांवर गेली.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं ते २०११ चं प्रकरण. निन्टेंडो ३डीएस, चष्म्याशिवाय त्रिमिती दाखवणारा, मार्चमध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला. डीएसच्या तुफान यशानंतर कंपनीला वाटलं लोक एवढे देतील. सुरुवातीला घ्यावासा वाटेल असा गेम त्यावर जवळपास नव्हता, आणि लोकांच्या खिशात आता स्मार्टफोन होता, ज्यावर गेम फुकट मिळत होते. विक्री आपटली. ऑगस्टमध्ये, पाच महिन्यांच्या आत, किंमत २५० वरून १७० डॉलर केली. जपानात २५,००० येनवरून थेट १५,०००. या भावात मशीन बनवण्याच्या खर्चापेक्षाही स्वस्त जात होतं. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली होती त्यांना वीस जुने गेम मोफत दिले. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेंडोला तोटा झाला.

पण मशीन वाचलं. मारिओचे गेम आले, पोकेमॉन आला. २०१३ मध्ये लहान मुलांसाठी बिनघडीचा, त्रिमिती नसलेला २डीएस १३० डॉलरला काढला, आणि २०१६ मध्ये तो ८० डॉलरपर्यंत खाली आला. एकाच कुटुंबातलं, तेच गेम चालवणारं मशीन पाच वर्षांत २५० वरून ८० वर. सप्टेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं तोवर साडेसात कोटींच्या वर विकली गेली होती.

३डीएसच्याच सुमारास सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा आला होता, तोही २५० डॉलरला. तो ३डीएसपेक्षा कितीतरी ताकदवान होता. पण गेम साठवायला त्याचं स्वतःचंच वेगळं मेमरी कार्ड लागायचं, बाजारातलं साधं कार्ड चालत नसे, आणि ३२ जीबीच्या त्या कार्डाला सुरुवातीला शंभर डॉलर पडायचे. गेम गिअरच्या सेलचीच गोष्ट नव्या वेषात. सोनीनं २०१३ मध्ये मशीन दोनशेवर आणलं, तरी लोक वळले नाहीत. पुढे कंपनीनं विक्रीचे आकडे वेगळे सांगणंच बंद केलं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. निन्टेंडो स्विच ३ मार्च २०१७ ला ३०० डॉलरला आला. जुन्या हिशोबानं २०१९-२० पर्यंत तो २५० ला आणि नंतर दोनशेला यायला हवा होता. आला नाही. तीनशेचा तीनशेच राहिला. कंपनीनं पायऱ्या उतरण्याऐवजी शेजारी नव्या पायऱ्या बांधल्या. २०१९ मध्ये टीव्हीला न जोडता येणारा स्विच लाइट २०० ला, २०२१ मध्ये चांगल्या पडद्याचा ओलेड ३५० ला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, नवव्या वर्षात, अमेरिकेत भाव चक्क वाढवले. साधा स्विच ३४० डॉलर, लाइट २३०, ओलेड ४००. जुन्या मशीनचा भाव वाढणं या धंद्यात पूर्वी सहसा होत नसे.

असं का झालं? एक तर मागणी कमी झालीच नाही. घरातलं आणि हातातलं कन्सोल एकच असल्यानं निन्टेंडोचे सगळे गेम याच एका मशीनवर येत राहिले, आणि त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. जे पूर्ण भावात खपतंय ते कोण उतरवेल? दुसरं म्हणजे चिप दर पिढीला स्वस्त होण्याचा वेग मंदावला. आता चिप लहान केली तर वीज वाचते, पण पैसे पूर्वीइतके वाचत नाहीत. २०१९ मध्ये स्विचची चिप बदलली तेव्हा कंपनीनं तो फायदा किमतीत न देता बॅटरीत दिला. जुना अडीच ते साडेसहा तास चालायचा, नवा साडेचार ते नऊ. किंमत तीच. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेनं आयातीवर नवे कर लावले, आणि त्या वर्षाच्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची एवढी खरेदी सुरू केली की तिचे भाव भडकले. कन्सोलमध्ये मेमरी लागतेच.

आपल्याला इंदुरात याच्यावर आणखी एक थर सोसावा लागतो, तो रुपयाचा. २०१७ मध्ये डॉलर सुमारे ६५ रुपयांचा होता, म्हणजे तीनशे डॉलरचे साडेएकोणीस हजार. २०२४ मध्ये तो ८४ च्या जवळ गेला, तेच तीनशे डॉलर पंचवीस हजारांचे झाले. मशीन सात वर्षांनी जुनं, डॉलरमधली किंमत जशीच्या तशी, आणि आपल्यासाठी ते साडेपाच हजारांनी महाग. यात आयात शुल्क, जीएसटी आणि व्यापाऱ्यांची साखळी धरलेलीच नाही. निन्टेंडोनं स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही, त्यामुळे नॉव्हेल्टी मार्केटात जो मिळतो तो कुणीतरी दुबई, हाँगकाँग किंवा जपानहून आणलेला असतो. छापील एमआरपीचा इथे प्रश्नच नाही. म्हणून दोन दुकानांत दोन-तीन हजारांचा फरक सहज सापडतो आणि घासाघीस करायला भरपूर जागा असते. वॉरंटीही दुकानदाराच्या शब्दाची.

मग थांबावं का? ५ जून २०२५ ला स्विच २ आला, ४५० डॉलरला, आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. असं खपणारं मशीन लवकर उतरेल अशी आशा मी ठेवणार नाही. घ्यायचाच असेल आणि आज परवडत असेल, तर थांबून काही वाचेल असं मला वाटत नाही. मूल आज दहा वर्षांचं आहे. दोन वर्षांनी ते बारा वर्षांचं होईल आणि कदाचित त्याचं मन तेव्हा दुसरीकडे असेल, हाही हिशोबात धरायचा खर्च आहे.

परवडत नसेल तर मात्र जुना स्विच हा फार चांगला पर्याय आहे. स्विच २ वर बहुतेक जुन्या स्विचचे गेम चालतात, म्हणजे आज घेतलेल्या कॅसेटी उद्या वाया जाणार नाहीत. सेकंड हँड घेताना मागच्या बाजूला खाली छापलेला बारीक मॉडेल नंबर वाचा. नुसतं एचएसी-००१ असेल तर ते जुन्या, कमी बॅटरीच्या चिपचं मशीन. त्यापुढे कंसात वजा शून्य एक असेल तर २०१९ नंतरचं. सीरियल नंबर जुन्याचा एक्सए अक्षरांनी सुरू होतो, नव्याचा एक्सके नं. नव्याचं खोकं पूर्ण लाल असतं. दुकानदार दोन्ही एकाच भावात सांगत असेल तर उगाच जुनं का घ्यायचं? नंतर काडीवरचं, म्हणजे अंगठ्याखालच्या त्या छोट्या दांड्यावरचं, बोट काढा आणि पडद्याकडे बघा. हात न लावता खेळातला माणूस आपोआप चालू लागला तर ती काडी खराब झालेली आहे. स्विचमध्ये हा रोग फार आहे आणि लाइटमध्ये काडी मशीनलाच जोडलेली असल्यानं दुरुस्तीसाठी सगळं मशीन उघडावं लागतं.

स्वस्तात मिळतोय म्हणून ३डीएस घेणार असाल, तर त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालंय. त्यावर आता नवीन काही विकत घेता येत नाही, कॅसेट शोधावी लागते, आणि इंदुरात ती सहजी सापडत नाही. सोबत पाच-सहा कॅसेटी मिळत असतील तरच तो सौदा करा.

आणि स्विच २ कुणी फारच कमी भावात देऊ लागला तर एक गोष्ट आवर्जून तपासा. जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या विकल्या जातात. २०२५ मध्ये एक ६९,९८० येनची होती, सगळ्या भाषांची. दुसरी ४९,९८० येनची, फक्त जपानी भाषेची आणि जपानमधल्याच खात्यावर चालणारी. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि स्वस्तातली फिरत फिरत आपल्याकडेही येऊ शकते. पैसे मोजण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला सांगा आणि भाषांच्या यादीत इंग्रजी आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.